आयपीस बदलून तंतुकणिकेच्या आतल्या घड्या दिसतील का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत १०० पटीचं ऑइल इमर्शन ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं, तेल लावून वापरायचं भिंग) आणि १० पटीची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) असलेला सूक्ष्मदर्शक आहे. कांद्याच्या पापुद्र्यात तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) पुसट ठिपक्यांसारख्या दिसतात, आतल्या पटलाच्या घड्या काही दिसत नाहीत. २५ ची आयपीस आणि २० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर जमेल का, की नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे पाठवावा, आणि पाठवायचा तर कसा?

आयपीस आणि कॅमेरा यांवर पैसे घालू नका, घड्या त्यांनी दिसणार नाहीत. पण आहे त्याच सूक्ष्मदर्शकावर ते ठिपके आत्तापेक्षा बरेच स्वच्छ दिसू शकतात, आणि त्याला फारसा खर्च नाही. घड्यांसाठी टीईएम, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागेल. तिथे मात्र पापुद्रा पाठवू नका, मुळाचं टोक पाठवा. आता या प्रत्येकामागचं कारण सांगतो.

वस्तू किती पट मोठी दिसते, हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण अडचण तिथे नसते. खरी अडचण विभेदनाची आहे: शेजारी शेजारी असलेले दोन बिंदू किती जवळ येईपर्यंत दोनच दिसतात? प्रकाश तरंगासारखा वागतो, त्यामुळे सर्वोत्तम भिंगसुद्धा एका बिंदूची प्रतिमा बिंदू म्हणून उमटवत नाही, छोटी चकती म्हणून उमटवते. दोन चकत्या एकमेकींवर चढल्या की त्यांचा एकच डाग होतो. ही मर्यादा एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडली. रोजच्या कामासाठी हिशेब असा करायचा: तरंगलांबीला ०.६१ ने गुणायचं आणि ऑब्जेक्टिव्हच्या न्यूमेरिकल अपर्चरने भागायचं. न्यूमेरिकल अपर्चर म्हणजे एनए. तो आकडा ऑब्जेक्टिव्हवरच कोरलेला असतो, १०० च्या शेजारी १.२५ असा.

तुमच्या भिंगासाठी हिरवा प्रकाश, म्हणजे ५५० नॅनोमीटर धरला, तर उत्तर साधारण २७० नॅनोमीटर येतं. ४० च्या ऑब्जेक्टिव्हचा एनए बहुधा ०.६५ असेल, त्याचं सुमारे ५१५ नॅनोमीटर. १० च्या ०.२५ एनएवाल्याचं १.३ मायक्रॉनच्या आसपास (१ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर). आता तंतुकणिकेची मापं पाहा. जाडी अर्धा ते एक मायक्रॉन, म्हणून ती दिसते. तिच्या आतली घडी मात्र काही दशक नॅनोमीटर रुंद असते आणि एकेका पटलाची जाडी ७ नॅनोमीटरच्या घरात. २७० नॅनोमीटरच्या डागात अशा कितीतरी घड्या एकदम गडप होतात.

डोळ्याचा हिशेबही इथेच मांडू. २५ सेंटिमीटर अंतरावरून आपल्या डोळ्याला ०.१ ते ०.२ मिलिमीटर अंतरावरचे बिंदू वेगळे दिसतात. २७० नॅनोमीटर १००० पट मोठे केले की ०.२७ मिलिमीटर होतात, म्हणजे भिंगाने जेवढा तपशील पकडला तेवढा १००० पटीतच डोळ्यापर्यंत पोहोचला. २५ च्या आयपीसने तेच डाग २५०० पट मोठे होतील आणि चित्र अंधारं होईल. उपयोगी विवर्धन एनएच्या ५०० ते १००० पट असतं असा संकेत आहे. तुमच्यासाठी ती वरची हद्द १२५० पट आहे आणि तुम्ही आत्ताच तिच्याजवळ आहात.

कॅमेऱ्याचीही तीच गत. समजा कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आहे आणि मध्ये ०.५ चं अडॅप्टर आहे. १०० च्या ऑब्जेक्टिव्हवर एका पिक्सेलमध्ये नमुन्याचे ०.०७ मायक्रॉन येतात. २७० नॅनोमीटरचा तपशील नीट टिपायला त्याच्या निम्मे, म्हणजे १३५ नॅनोमीटरपर्यंतचे पिक्सेल पुरतात. साधा कॅमेराही गरजेपेक्षा बारीक टिपतोय. गंमत म्हणजे चांगल्या कॅमेऱ्याची गरज कमी पटीच्या ऑब्जेक्टिव्हला जास्त भासते. याच जोडणीत १० च्या ऑब्जेक्टिव्हवर एक पिक्सेल ०.६९ मायक्रॉनचा होतो आणि गरज ०.६७ ची असते, तिथे काम काठावर येतं.

आता आहे त्या सूक्ष्मदर्शकातून पूर्ण काम कसं काढायचं ते. मी इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण १०० चं ऑब्जेक्टिव्ह धूसर दिसतं म्हणून नवं मागवलं जातं आणि दोष बहुतेक वेळा कंडेन्सरमध्ये, म्हणजे स्लाइडखालच्या प्रकाश एकवटणाऱ्या भिंगात निघतो.

विभेदन एकट्या ऑब्जेक्टिव्हवर ठरत नाही, खालून येणारा प्रकाशाचा शंकूही तेवढाच रुंद लागतो. तरंगलांबीला १.२२ ने गुणून ऑब्जेक्टिव्ह आणि कंडेन्सर या दोघांच्या एनएच्या बेरजेने भागलं की खरा आकडा मिळतो. कंडेन्सर ०.९ चा असेल तर २७० चे ३१० नॅनोमीटर होतात. कंडेन्सरवर १.२५ लिहिलेलं असलं, तरी त्याच्या आणि स्लाइडच्या मध्ये हवा असेल तर तो १.० च्या पुढे जात नाही. आणि कंडेन्सर खाली उतरवून त्याची आयरिस, म्हणजे प्रकाशाची वाट लहानमोठी करणारी झडप, मिटून ठेवली असेल, तर १०० च्या भिंगातून ४० च्या दर्जाचं चित्र मिळतं. चित्र उठावदार दिसावं म्हणून विद्यार्थी आयरिस मिटतात. उठाव येतो खरा, पण बारीक तपशील जातो आणि कडांभोवती खोट्या रेषा उमटतात. म्हणून कंडेन्सर अगदी वर घ्या. नमुना फोकस करा, मग आयपीस काढून नळीत डोकवा. ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या बाजूचं प्रकाशाचं वर्तुळ दिसेल. आयरिस त्या वर्तुळाच्या ७० ते ८० टक्के व्यासापर्यंत उघडा आणि उजेड कमीजास्त करायचा तो दिव्याच्या बटणाने. हिरवा फिल्टर असेल तर लावा, साध्या अॅक्रोमॅट भिंगांत रंगदोषाने येणारा धूसरपणा कमी होतो.

कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरची हवी, डब्यावर नंबर १.५ लिहिलेलं असतं. १०० च्या भिंगाचं नमुन्यापासूनचं कामाचं अंतर ०.१ ते ०.२ मिलिमीटर एवढंच असतं. त्यामुळे जाड नंबर २ ची कव्हरस्लिप असली की फोकस येण्याआधीच भिंग काचेला टेकतं. तेलाचा अपवर्तनांक १.५१५ असावा, म्हणजे काचेइतकाच, नाहीतर काचेतून तिरपे निघालेले किरण हवेत वळून भिंगाबाहेर जातात. सीडरवुड तेल वाळून चिकट होतं, ते काम झाल्या झाल्या लेन्स पेपरने टिपून घ्या. आणि तेल लावलेल्या स्लाइडवर ४० चं ऑब्जेक्टिव्ह फिरवू नका. त्याच्या पुढच्या भिंगावर तेलाचा पापुद्रा राहिला की पुढचे सहा महिने वर्गातले सगळे ‘चाळीसचं खराब झालंय’ म्हणत राहतात.

नमुन्याकडे वळू. कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा घ्या. एक पदरी, सपाट, ५ मिलिमीटरचा तुकडा पुरे. पाणी जास्त ठेवू नका, टिपकागदाने कडेचं ओढून घ्या. कव्हरस्लिपखाली पाण्याचा जाड थर राहिला तर तेलाचं भिंग काही मायक्रॉन खोलीवरच धूसर व्हायला लागतं. न रंगवलेल्या पेशीत तंतुकणिका दिसत नाहीत म्हणून विभेदनाला दोष देऊ नका. तिथे कमी पडतो तो उठाव, कारण पेशीतल्या बहुतेक गोष्टी पाण्याइतक्याच पारदर्शक असतात. जॅनस ग्रीन बी हे रंगद्रव्य ०.०१ ते ०.०२ टक्के, ताजं बनवून, जिवंत पापुद्र्यावर घाला. तंतुकणिकांत ते ऑक्सिडाइज्ड राहून निळसर दिसतं, बाकी पेशीद्रव्यात त्याचं क्षपण होऊन रंग जातो. हा फरक थोडाच वेळ टिकतो, तेव्हा आधी फोकस लावून ठेवा आणि मग रंग सोडा. जवळपास कुठे फेज कॉन्ट्रास्ट असेल तर रंगाचीही गरज नाही. फ्रिट्स झेर्निके यांना ज्या शोधासाठी १९५३ चं नोबेल मिळालं तो हाच. अपवर्तनांकातल्या किरकोळ फरकाचं तो उजेड-अंधारात रूपांतर करतो, आणि तंतुकणिका पेशीद्रव्याच्या प्रवाहाबरोबर सरकताना दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पेशीतली ही हालचाल कधीच दिसायची नाही, म्हणून हा भाग कमी प्रतीचा मानू नका.

दिसणं आणि वेगळं दिसणं यांत फरक आहे, हेही लक्षात ठेवा. कोकणात पावसाळ्यात साथ येते त्या लेप्टोस्पायरोसिसचा जीवाणू जेमतेम ०.१ मायक्रॉन जाड असतो, तरी डार्कफील्डमध्ये तो चमकताना दिसतो. काळ्या पार्श्वभूमीवर त्याच्याकडून विखुरलेला प्रकाश डोळ्याला पुरतो. पण दिसणारी जाडी खरी नसते, भिंगाची मर्यादा तिथे जाडी म्हणून उमटलेली असते. ठिपका दिसला म्हणून त्याचं माप सांगता येत नाही.

ही २०० ते २५० नॅनोमीटरची भिंत फ्लूरोसन्सच्या, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः चमकणाऱ्या रंगांच्या युक्त्यांनी ओलांडता येते. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच होतं, आणि अलीकडे जिवंत पेशींतल्या तंतुकणिकांच्या घड्याही त्या मार्गाने दिसल्या आहेत. पण ती यंत्रं आणि ते रंग मोठ्या संशोधन संस्थांचं काम आहे. तुमच्यासाठी टीईएमच सरळ वाट.

टीईएममध्ये प्रकाशाच्या जागी इलेक्ट्रॉन असतात आणि काचेच्या भिंगांच्या जागी विद्युतचुंबकीय वेटोळी. वेटोळ्यातला प्रवाह बदलला की भिंगाची ताकद बदलते, म्हणून तिथे ऑब्जेक्टिव्ह फिरवावं लागत नाही. एर्न्स्ट रुस्का आणि माक्स नोल यांनी पहिलं असं यंत्र १९३१ मध्ये बर्लिनला उभं केलं, रुस्का यांना नोबेल मिळालं ते १९८६ मध्ये. १०० किलोव्होल्टवर इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००३७ नॅनोमीटर असते. ती वाचून अणूच्या आतलंही दिसेल असं वाटतं, पण चुंबकीय भिंगांचे दोष मोठे असतात. ते आवरायला किरणांचा शंकू फार अरुंद ठेवावा लागतो, एनए ०.०१ च्या आसपास. वरचाच हिशेब लावला तर ०.२ नॅनोमीटरच्या जरा वर उत्तर येतं. जैविक नमुन्याच्या कापात तेवढंही हाती लागत नाही. रंगाच्या जड धातूंचे कण आणि इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने होणारी इजा यांमुळे २ नॅनोमीटर मिळाले तरी काम उत्तम झालं समजतात. ७ नॅनोमीटरच्या पटलाला तेवढं पुरतं.

याची किंमत नमुना चुकवतो. हवेच्या रेणूंवर इलेक्ट्रॉन आपटून विखुरतात म्हणून नळीत निर्वात लागतं, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक अब्जांश. ओली, जिवंत पेशी तिथे टिकत नाही. शिवाय इलेक्ट्रॉन जाड वस्तूतून पार जात नाहीत, म्हणून काप ६० ते ९० नॅनोमीटरचा लागतो. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन हे हलके अणू इलेक्ट्रॉन फारसे विखुरत नाहीत, म्हणून ऑस्मियम, युरेनियम, शिसं असे जड धातू पेशीत बसवावे लागतात. चित्रात काळं दिसतं तिथून इलेक्ट्रॉन पडद्यापर्यंत पोहोचलेले नसतात, एवढाच त्याचा अर्थ. मूळ चित्रात रंग नसतोच. पुस्तकांतली रंगीत चित्रं नंतर रंगवलेली असतात.

पापुद्रा का नको, ते आता लक्षात येईल. त्या पेशीची जवळजवळ सगळी जागा रिक्तिकेने व्यापलेली असते, पेशीद्रव्य भिंतीलगत पातळ थरात. ७० नॅनोमीटरच्या कापात तंतुकणिका सापडायला नशीब लागेल. मुळाच्या टोकामागच्या विभाजी ऊतीतल्या पेशी लहान, पेशीद्रव्याने भरलेल्या आणि तंतुकणिकांनी समृद्ध असतात. कांदा पाण्यावर ठेवा, दोन-तीन दिवसांत मुळं फुटतील.

चित्र चांगलं येणार की वाईट, हे बऱ्याच अंशी पहिल्या काही मिनिटांत ठरतं, आणि ती मिनिटं तुमच्या हातात आहेत. बफरमधलं २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइड आधी तयार ठेवा. १० मिलिलिटरसाठी २५ टक्क्यांचं मूळ द्रावण १ मिलिलिटर, ०.२ मोलर फॉस्फेट बफर ५ मिलिलिटर, ऊर्ध्वपातित पाणी ४ मिलिलिटर, पीएच ७.२ ते ७.४. मूळ द्रावण ईएम ग्रेडचंच, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठीचं घ्या. उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात त्या ग्लुटराल्डिहाइडमध्ये बहुवारिकं आणि इतर भर असते, त्याने फिक्सेशन, म्हणजे पेशी आहे त्या स्थितीत पक्की करणं, बिघडतं. मेणाच्या पाटीवर या द्रावणाचा थेंब ठेवून मुळाचं टोक त्या थेंबातच नव्या ब्लेडने कापा. लांबी १ ते २ मिलिमीटर, त्याहून मोठं नको, कारण ग्लुटराल्डिहाइड तासाला एक मिलिमीटरसुद्धा आत शिरत नाही. मधल्या पेशी तोवर मरू लागतात, आणि नंतर चित्रात फुगलेल्या, घड्या मोडलेल्या तंतुकणिका दिसतात. तुकडे तरंगत असतील तर आत हवा अडकली आहे. डेसिकेटरमध्ये हलक्या निर्वातात बुडेपर्यंत ठेवा. मग ४ अंश सेल्सिअसला दोन ते चार तास, रात्रभरही चालेल. द्रावण तुकड्यांच्या २० पट तरी असू द्या. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून.

त्यानंतर तुकडे बफरमध्ये धुऊन, बफरमध्येच, बर्फाच्या पॅकवर पाठवा. गोठवू मात्र नका. फ्रीझरमध्ये बर्फाचे स्फटिक पटलं फाडतात आणि तो नमुना मग कुणीच वाचवू शकत नाही. पाण्याचा बर्फ होऊ न देता गोठवण्याची क्रायो पद्धत आहे, २०१७ चं नोबेल तिलाच मिळालं. पण त्यासाठी द्रव इथेन आणि वेगळी यंत्रं लागतात.

पुढचं काम सुविधा केंद्राचं: १ टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइड तासभर, मग वाढत्या टक्केवारीच्या अल्कोहोलमध्ये पाणी काढणं, रेझिन मुरवणं, ६० ते ७० अंशांना ते घट्ट करणं, अल्ट्रामायक्रोटोमवर काप, ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या ग्रिडवर ते उचलणं, युरेनिल अॅसिटेट आणि लेड सायट्रेट यांनी ते रंगवणं. ऑस्मियमची वाफ डोळ्याच्या पारपटलाला इजा करते, ते महाविद्यालयात आणूच नका. वनस्पतीच्या ऊतीला भिंत असल्यामुळे रेझिन सावकाश मुरतं. प्राण्याच्या ऊतीच्या वेळापत्रकाने ते घाईत केलं तर कापांना भोकं पडतात. तेव्हा ‘नमुना वनस्पतीचा आहे, स्पर रेझिन चालेल का’ असं आधीच विचारा.

चित्रं हातात आल्यावर ती वाचता यायला हवीत. संपूर्ण चित्रावर सारख्या अंतरावर पट्टे असतील तर ती सुरीची थरथर, एका दिशेच्या लांब रेघा म्हणजे सुरीच्या धारेवरचा खवला, आणि मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे कण म्हणजे बहुधा शिशाचं कार्बोनेट, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने झालेलं. यांतलं काहीही पेशीचा भाग नाही. आणि एका कापावरून आकार ठरवू नका. काकडी आडवी कापली की चकती आणि उभी कापली की लांब फोड, तसंच तंतुकणिकेचं होतं. १० मायक्रॉनच्या पेशीचे ७० नॅनोमीटरने १४० च्या वर काप पडतात आणि तुम्ही त्यातला एक पाहत असता. गोल तंतुकणिका जास्त दिसल्या म्हणजे त्या गोल आहेत असं नाही.

एसईएम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या कामाला ते लागत नाही. त्यात इलेक्ट्रॉनचा बारीक झोत पृष्ठभागावर रेषेरेषेने फिरतो आणि बाहेर पडणाऱ्या दुय्यम इलेक्ट्रॉनांपासून चित्र तयार होतं. परागकण, पर्णरंध्रं, कीटकाचा डोळा यांसाठी ते उत्कृष्ट आहे, पेशीच्या आतल्यासाठी नाही. ओली पानं साधी वाळवली तर चुरगळतात, म्हणून क्रिटिकल पॉइंट ड्रायिंग (आकार न बिघडवता वाळवण्याची पद्धत) आणि वर सोन्याचा काही नॅनोमीटरचा थर लागतो. कोरडे परागकण मात्र कार्बन टेपवर चिकटवून, सोनं चढवून थेट पाहता येतात.

विषाणू किंवा जीवाणूंची कशाभिका पाहायची असेल, तर टीईएमलाही कापाची गरज नसते. ग्रिडवर थेंब ठेवून फॉस्फोटंग्स्टिक आम्लाने भोवतालचा भाग गडद करतात, कण फिका उठून दिसतो आणि काम काही मिनिटांत होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या करोनारुग्णाच्या घशाच्या नमुन्यातले ७० ते ८० नॅनोमीटरचे कण असेच दाखवले होते.

केंद्र कोणतं निवडायचं हे तुमचं गाव, बजेट आणि प्रतीक्षायादी यांवर अवलंबून आहे. आयआयटी मुंबईचं सैफ (प्रगत उपकरणांचं सुविधा केंद्र), खारघरचं अॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र), दिल्लीच्या एम्समधलं सैफ ही परिचित नावं आहेत. दर आणि वेळ त्यांनाच विचारा, आणि नमुना तयार करून देतात की फक्त पाहू देतात हेही विचारा, कारण खर्चातला मोठा फरक तिथेच पडतो. अर्जात ऊतीचं नाव, फिक्सेटिव्ह, बफर, फिक्सेशनची तारीख आणि काय पाहायचं आहे ते एका वाक्यात लिहा: ‘विभाजी पेशींतल्या तंतुकणिकांच्या आतल्या घड्या, आधी कमी पटीत संपूर्ण पेशी, मग २० ते ३० हजार पटीत.’ तंत्रज्ञाला यावरून कुठे थांबायचं ते कळतं. फाइल मूळ टिफमध्ये आणि स्केल बारसह मागा. ‘× २५,०००’ एवढंच लिहिलेलं चित्र वर्गाच्या पडद्यावर टाकलं की तो आकडा खोटा ठरतो, स्केल बार मात्र चित्राबरोबर लहानमोठा होत राहतो.